संस्थेचें दप्तर आणि संस्थेची जाण



आपल्यापैकीं बहुतेकांच्या स्वयंपाकघरांत भिंतीवर एक कॅलेंडर टांगलेलें असेल, आणि त्यावर दुधाचा हिशेब मांडलेला असेल. हा हिशेब ठेवण्याची आपल्या घरांतील रीत पाहण्यासारखी आहे. रोज दूध किती आलें हें कोणी लिहीत नाहीं. रतीब ठरलेला असतो. ज्या दिवशीं दूध आलें नाहीं त्या दिवशीं खाडा मांडावयाचा, आणि पाहुणे आले म्हणून अर्धा लिटर अधिक घेतलें तर त्या तारखेवर तेवढा आंकडा टिपावयाचा. महिनाअखेर दूधवाल्याचा हिशेब चुकता होतो तो या पांचसात खुणांवरून. लिहिणारें माणूस तेंच, वाचणारें तेंच, आणि वाचून पैसे मोजणारेंहि तेंच. आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे त्याचें बरेंचसें मर्म या कॅलेंडरावर सांपडतें, असें मी म्हटलें तर आपणांस कदाचित् नवल वाटेल.

विषयाचें नांव मात्र भारदस्त आहे. संस्थेच्या कारभारासाठीं माहितीची व्यवस्था कशी आंखावी व कशी उभारावी, हा तो विषय. कचेऱ्यांतून तिला एम्. आय्. एस्. या तीन अक्षरांनीं ओळखतात. मराठी पाठ्यपुस्तकांत तिला व्यवस्थापन माहिती प्रणाली असें म्हटलेलें आढळतें. कारखाना घ्या, बँक घ्या, रुग्णालय घ्या, सहकारी पतपेढी घ्या किंवा शाळा घ्या. तेथें रोज कांहीं घडतें, तें कोणी तरी लिहून ठेवतो, आणि त्यावरून दुसरा कोणी तरी कांहीं ठरवितो. घडणें, लिहिणें आणि ठरविणें या तिहींना जोडणारी वाट म्हणजे ही व्यवस्था. मी कांहीं संगणकशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक झालेला आणि हातांत खडू घेऊन आयुष्य काढलेला मी एक मास्तर आहें. परंतु या वाटेवर मला एकदां मोठी ठेंच लागली, आणि पुढें ती वाट नीट करण्याच्या कामांतहि माझा थोडा हात लागला. तेवढ्याच अधिकारानें मी आज बोलणार आहें.

प्रथम ठेंच कशी लागली तें सांगतों. एका तालुक्याच्या गांवीं आमची शाळा होती. मी सातवीचा वर्गशिक्षक. वर्गांत बावन्न मुलें. त्यांत एक मुलगी होती. गणितांत हुषार, अक्षर मोत्यासारखें. जुलैपासून ती मंगळवारीं येईनाशी झाली. मंगळवार हा गांवच्या बाजाराचा दिवस. ऑगस्टांत तिचा सोमवारहि चुकूं लागला. हजेरीपटावर हा खाडा माझ्याच हातानें मांडलेला होता. मुलांना दुपारीं जो आहार मिळतो त्याच्या वहींत त्या त्या दिवशीं एक ताट कमी लिहिलेलें होतें. वाचनालयाच्या वहींत तिनें नेलेलें पुस्तक परत न आल्याची नोंद होती. महिनाअखेर मीं पटाची बेरीज केली. वर्गाची सरासरी उपस्थिति शेंकडा एक्याण्णव निघाली. मुख्याध्यापकांनीं सही केली, आणि सरासरी नव्वदाच्या वर गेली म्हणून चार शिक्षकांदेखत माझें कौतुकहि झालें.

दिवाळीच्या सुटीनंतर ती मुलगी आलीच नाहीं. पंधरा दिवसांनीं मी तिच्या घरीं गेलों. आई अंथरुणाला खिळलेली होती. मुलगी आधीं बाजारांत भाजी विकावयास बसत असे, आणि आतां मामाच्या गांवीं धुण्याभांड्याच्या कामाला गेली होती. तिचे वडील मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आलांत हें बरें केलेंत. पण श्रावणांत आला असतांत तर कांहीं तरी तोड निघाली असती. तेव्हां कोणी विचारलें नाहीं, म्हणून आम्हांला वाटलें, शाळेला तिचें कांहीं अडत नसेल."

श्रोतेहो, तीन वह्यांत लिहिलेली गोष्ट आमच्यापैकीं एकालाहि कळली नव्हती. दप्तर पुरें होतें, जाण मात्र नव्हती. या दोहोंमधील अंतर मला त्या ओट्यावर बसून जितकें समजलें, तितकें पुढें कोणत्याहि पुस्तकांत वाचून समजलें नाहीं.

मागाहून विचार करतां एक गोष्ट ध्यानांत आली. आमचा हजेरीपट वाईट नव्हता. ज्या कामासाठीं तो आंखला होता तें काम तो चोख करीत असे. त्याच्या उभ्या-आडव्या बेरजा तपासणीसाठीं होत्या, अनुदानासाठीं होत्या. 'या मुलीच्या घरीं आज कोणीं जावें काय?' हा प्रश्न तो आंखतांना कोणाच्याच मनांत नव्हता. मग त्याचें उत्तर पटांत कोठून सांपडणार? सरासरी ही तर अशी चीज आहे कीं, एक्कावन्न मुलांच्या हजेरीखालीं ती एका मुलीची गैरहजेरी सुखानें झांकून टाकते.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहा. आपल्या देशांतील शाळांची आंकडेवारी गोळा करण्याची एक सरकारी व्यवस्था आहे. २०१२-१३ या वर्षापासून पहिलीपासून बारावीपर्यंतच्या शाळांसाठीं ती एकत्रित 'यूडायस' या नांवानें चालूं लागली, आणि २०१८-१९ मध्यें तिचें 'यूडायस प्लस' हें नवें रूप आलें. जुन्या पद्धतींत ३० सप्टेंबर या तारखेची स्थिति धरून शाळेनें वर्षांतून एकदां तक्ता भरावयाचा असे. किती खोल्या, किती शिक्षक, किती मुलें, किती मुली. शिक्षकांच्या किती जागा लागतील, कोठें खोली बांधावी, हें ठरविणाऱ्या खात्याला असें वार्षिक छायाचित्र उपयोगी पडतें. परंतु ऑगस्टमधल्या मंगळवारीं चुकणारी मुलगी त्या छायाचित्रांत कशी दिसावी? २०२२-२३ पासून तेथें प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊं लागली, ही सुधारणा मोठीच. तरीहि वरिष्ठ खात्याला लागणारी माहिती एक, आणि वर्गशिक्षकाला उद्यां सकाळीं लागणारी माहिती दुसरी, हा भेद राहतोच. वर पाठविण्यासाठीं भरलेला तक्ता हीच आपली माहिती-व्यवस्था, अशी समजूत करून घेणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. आमचीहि त्यांपैकींच एक होती.

पुढें कांहीं वर्षांनीं आमच्या शिक्षणसंस्थेनें आपल्या सातहि शाळांचा कारभार संगणकावर आणावयाचें ठरविलें. समिति नेमली गेली, आणि वयानें वडील म्हणून माझेंहि नांव तींत घातलें गेलें. पहिल्या सभेला एका व्यापारी कंपनीचा प्रतिनिधि आला होता. त्यानें पडद्यावर रंगीत वर्तुळें दाखविलीं, स्तंभ दाखविले, आणि मग अदबीनें विचारलें, "आपल्याला काय काय माहिती हवी, तेवढें सांगा." प्रश्न अगदीं सरळ होता, आणि सारा घोंटाळा त्याच प्रश्नांत होता. जो तो आपली यादी सांगूं लागला. कोणाला मुलांचे रक्तगट हवे होते, कोणाला पालकांचें उत्पन्न, कोणाला घरापासून शाळेचें अंतर. सभा संपली तेव्हां एकेका मुलापुढें एकशें चौदा रकाने झाले होते. ते भरणार कोण, हें कोणींच विचारलें नाहीं. कारण भरणारे लोक त्या सभेंत फारसे नव्हते.

रसेल अ‍ॅकॉफ या अमेरिकन अभ्यासकानें १९६७ सालीं याच रोगावर एक निबंध लिहिला होता. त्याच्या मथळ्यांतच त्यानें 'व्यवस्थापनाची माहिती' याऐवजीं 'व्यवस्थापनाची अपमाहिती' अशा अर्थाचा शब्द योजला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: अधिकाऱ्याला माहिती कमी पडते हा त्याचा मुख्य त्रास नव्हे, निरुपयोगी माहितीचा महापूर हा त्याचा खरा त्रास. शिवाय, काय हवें असें अधिकाऱ्याला विचारूं नये, कारण आपण निर्णय कसा घेतों हें ज्याला स्वतःला स्पष्ट नसतें, तो सावधगिरी म्हणून सर्वच मागतो. आणि अधिकाऱ्याला व्यवस्था चालते कशी हें समजण्याचें कारण नाहीं, हा समजहि चुकीचा. जी व्यवस्था त्याला समजत नाहीं, तिचे आंकडे तपासण्याची शक्तिहि तो गमावून बसतो. आमच्या समितीचें चित्र जणूं त्यानें आधींच काढून ठेवलें होतें.

दुसऱ्या सभेंत मीं त्या मुलीची हकीकत सांगितली, आणि विनंति केली कीं, ही यादी बाजूला ठेवून आपण उलट्या टोंकानें आरंभ करूं. आपल्या संस्थेंत कोणते निर्णय घ्यावे लागतात, ते कोण घेतो, आणि केव्हां घेतो, एवढेंच प्रथम लिहूं. हें काम बोलावयास सोपें, करावयास कठीण. दोन महिने लागले. पण त्यांतून एक गोष्ट निष्पन्न झाली: निर्णयांच्या पायऱ्या असतात. हार्वर्डचे अध्यापक रॉबर्ट अँथनी यांनीं १९६५ सालींच अशा तीन पायऱ्या सांगून ठेवल्या होत्या: दूरचें धोरण ठरविणें, कारभार ताब्यांत ठेवणें, आणि रोजचें काम पार पाडणें. आमच्याकडे वर्गशिक्षकाला उद्यां सकाळीं ठरवावयाचें असतें कीं, कोणाच्या घरीं जावें. मुख्याध्यापकाला आठवड्याच्या शेवटीं पाहावयाचें असतें कीं, कोणत्या वर्गाची गळती वाढते आहे आणि तेथें कोणाला मदत द्यावी. कार्यकारी मंडळाला वर्षांतून दोनदां ठरवावयाचें असतें कीं, वसतिगृह कोठें काढावें आणि कोणत्या इयत्तेंत मुली शाळा सोडतात. मूळ नोंद एकच, तो एक खाडा. परंतु वर्गशिक्षकाला तो नांवानें दिसला पाहिजे, मुख्याध्यापकाला वर्गवार, आणि मंडळाला वर्षावर्षांच्या तुलनेनें. सर्वांना सर्व दाखविणें म्हणजे कोणालाच कांहीं न दाखविणें.

असा एकेक निर्णय घेऊन आम्हीं त्याला चार प्रश्न विचारले. या निर्णयाला कमींत कमी कोणती गोष्ट कळावी लागते? ती गोष्ट प्रथम कोठें घडते? तेथें ती एकदांच कोण लिहील? आणि लिहिणाऱ्याला त्याच्या मोबदल्यांत काय परत मिळेल? या चाळणीतून एकशें चौदा रकान्यांपैकीं एकतीस खालीं उतरले. बाकीचे कोणाच्याच निर्णयाला लागत नव्हते. रक्तगट कशासाठीं, याचें उत्तर शेवटपर्यंत कोणी देऊं शकला नाहीं.

येथें मला परदेशांतील एक जुनें उदाहरण सांगावेंसें वाटतें, कारण तें आपल्या दुधाच्या कॅलेंडराचेंच सख्खें भावंड आहे. लंडनमध्यें जे. लायन्स अँड कंपनी या नांवाची खाद्यपेयांची एक मोठी कंपनी होती. १८९४ सालीं तिनें पिकॅडिली येथें पहिलें चहागृह उघडलें, आणि पुढें अशीं चहागृहें शहरोशहरीं पसरलीं. पाव, केक व इतर पदार्थ कंपनीच्या कॅडबी हॉल या मुख्य ठिकाणीं तयार होऊन चहागृहांत जात. माल नाशवंत. अधिक गेला तर फुकट, कमी गेला तर गिऱ्हाईक परत. या कंपनींत जॉन सिमन्स या नांवाचे एक अधिकारी होते. ते मूळचे केंब्रिजचे गणिती. कारकुनी काम यंत्रावर चढविण्यापूर्वीं तें काम मुळांत तसें असावें काय, हें तपासलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. आणि संगणक जन्मास येण्याच्या आधींच अशा तपासणीसाठीं कंपनीनें एक स्वतंत्र खातें चालविलें होतें.

१९४७ सालीं या कंपनीचे टॉम्सन व स्टँडिंगफोर्ड हे दोन अधिकारी अमेरिकेस जाऊन आले, आणि तेथें नव्यानें निघालेल्या संगणकाची वार्ता घेऊन आले. केंब्रिज विद्यापीठांत मॉरिस विल्क्स हे तसेंच एक यंत्र बांधीत होते. कंपनीनें त्यांना साहाय्य केलें, आणि त्याच धर्तीवर स्वतःचें यंत्र उभें केलें. त्याचें नांव लिओ. नोव्हेंबर १९५१ मध्यें बेकरीच्या मालाचे हिशेब हें यंत्र नियमानें करूं लागलें. धंद्याच्या रोजच्या कामाला जुंपलेला जगांतील पहिला संगणक म्हणून त्याची गणना होते. चहा-केक विकणाऱ्या कंपनीला हें कसें साधलें, याचें लोकांना आजहि कौतुक वाटतें. माझ्या मतें उत्तर सोपें आहे: यंत्र येण्यापूर्वीं वीस वर्षें ती कंपनी आपल्या कामाला प्रश्न विचारीत होती.

१९५४ मध्यें चहागृहांच्या मागण्या लिओवर घेण्याचें ठरलें, तेव्हां या विचारपूर्वक आंखणीचें खरें फळ दिसलें. पूर्वीं प्रत्येक चहागृहाची व्यवस्थापिका अनेक पदार्थांच्या मागण्यांचे कागद भरभरून पाठवीत असे. नव्या रीतींत प्रत्येक चहागृहाची वारागणिक ठराविक मागणी आधींच नोंदवून ठेवली. व्यवस्थापिकेनें दुपारीं दूरध्वनि करून केवळ फरक सांगावयाचा: उद्यां अमुक इतकें अधिक, तमुक इतकें कमी. पलीकडे कानाला यंत्र लावून बसलेली मुलगी तो फरक लगेच पत्र्याच्या नव्हे, साध्या जाड कागदाच्या पत्त्यांवर छिद्रें पाडून नोंदवी, आणि तें पत्ते यंत्रांत जात. म्हणजे काय? रतीब ठरलेला, आणि टिपावयाचा तो फक्त खाडा. आपल्या आजीनें भिंतीवर जें केलें, तेंच लायन्सनें लिओवर केलें. ज्यानें नेहमींपेक्षां निराळें कांहीं सांगितलेलें नाहीं, त्याला लिहावयास लावूं नये. आणि ज्यानें सांगितलें आहे, त्याचें तत्काळ ऐकावें. माहितीच्या आंखणींतील इतकें मोठें सूत्र मला दुसरें ठाऊक नाहीं.

आम्हींहि तेंच केलें. मूल हजर असणें हा रतीब. नोंद फक्त गैरहजेरीची. सलग तीन दिवस खाडा पडला, किंवा एका महिन्यांत एकाच वारीं तिसऱ्यांदां खाडा पडला, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं पहिल्या तासापूर्वीं वर्गशिक्षकाच्या हातांत त्या मुलाच्या नांवाची चिठी आली पाहिजे. 'एकाच वारीं' ही अट मीं मुद्दाम घालून घेतली. तिचें कारण आपणांस सांगावयास नको.

परंतु संगणक विकत घेण्यापूर्वीं आम्हीं एका शाळेंत एक महिना ही रीत साध्या कागदावर चालवून पाहिली, आणि हें फार बरें झालें. कारण लगेच दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली अडचण शब्दांची. मधल्या सुटीनंतर पळून गेलेलें मूल हजर कीं गैरहजर? एका शिक्षकाच्या पटावर तें हजर, दुसऱ्याच्या पटावर गैरहजर. एकच शब्द दोन अर्थांनीं लिहिला गेला कीं त्यांची बेरीज करणें म्हणजे शेर आणि हात यांची बेरीज करणें होय. ही अडचण जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचें नांव आपण दिवा घेतलेल्या परिचारिका म्हणून ऐकतों. पण त्या संख्याशास्त्राच्याहि मोठ्या जाणकार होत्या. क्रिमियाच्या युद्धांत सैनिक जखमांपेक्षां टाळतां येण्यासारख्या रोगांनींच अधिक दगावले, हें त्यांनीं १८५८ सालीं आकृतीच्या द्वारें दाखवून दिलें. पुढें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, निरनिराळीं रुग्णालयें रोगांचीं नांवें व नोंदी आपआपल्या रीतीनें ठेवतात, त्यामुळें त्यांची तुलनाच होऊं शकत नाहीं. म्हणून सर्व रुग्णालयांसाठीं एकसारखे तक्ते असावेत, अशी त्यांनीं योजना मांडली, आणि १८६० सालीं लंडन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढें ती चर्चेस आली. आम्हींहि त्यांचाच कित्ता गिरवून अर्ध्या पानाचा एक अर्थकोश केला, आणि तो प्रत्येक वर्गांत चिकटविला.

दुसरी अडचण नांवांची. एकाच मुलाचें नांव एका वहींत आडनांवापासून, दुसऱ्या वहींत बापाच्या नांवासह, आणि तिसऱ्या वहींत घरच्या हांकेच्या नांवानें लिहिलेलें. तीन वह्या एकमेकींना ओळखीतच नव्हत्या. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या तीन नोंदी कधीं एकत्र आल्या नाहींत याचें एक कारण हेंहि होतें. त्यावर उपाय घरांतच होता. शाळेच्या जनरल रजिस्टरांत प्रत्येक मुलाला एक क्रमांक मिळतो, आणि तो पुन्हां दुसऱ्याला दिला जात नाहीं. तोच क्रमांक सर्व वह्यांत घालावयाचा, असा नियम केला.

चुकलेली नोंद दुरुस्त कशी करावी, हा आणखी एक प्रश्न. त्याचें उत्तर आपल्या सातबाऱ्यानें दिलें. जमिनीचा सातबारा आपण सर्वांनीं पाहिला आहे. गांव नमुना सात आणि गांव नमुना बारा मिळून तो होतो, एकांत हक्कांची नोंद, दुसऱ्यांत पिकांची. मालक बदलला म्हणून सातबाऱ्यावरचें नांव कोणी रबरानें पुसून टाकीत नाहीं. आधीं नमुना सहामध्यें, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहींत, बदल लिहिला जातो, संबंधितांना कळविलें जातें, अधिकारी तो प्रमाणित करतो, आणि मग फेरफाराच्या क्रमांकासह तो सातबाऱ्यावर येतो. कोणत्याहि आंकड्याचा माग काढतां आला पाहिजे: तो कोठून आला, कोणीं बदलला, केव्हां बदलला. आमच्या व्यवस्थेंतहि पुसण्याची सोय ठेवली नाहीं. बदलाची नोंद करण्याची ठेवली.

एवढें सर्व झाल्यावर संगणक आला. प्रथम एका शाळेंत, मग दोन, मग सातहि शाळांत. जुन्या वह्या एक सत्र बरोबरीनें चालूं ठेविल्या, म्हणजे नवें चुकलें तर जुनें सांवरील. पहिल्या सहामाहींत चिठ्या येऊं लागल्या, शिक्षक घरोघरीं जाऊं लागले, आणि आम्हांला वाटलें, जिंकलें.

श्रोतेहो, येथें मला आमची दुसरी चूक सांगितली पाहिजे. दुसऱ्या सहामाहींत कार्यकारी मंडळांतील एका गृहस्थांनीं विचार केला कीं, ज्याच्या वर्गाच्या चिठ्या अधिक, तो शिक्षक निष्काळजी. त्यांनीं शिक्षकांची तशी यादी लावली, आणि ती फलकावर टांगली. पुढल्या महिन्यांत चिठ्या जवळजवळ बंद झाल्या. मुलें अधिक येऊं लागलीं म्हणून नव्हे. लेखण्या शहाण्या झाल्या म्हणून. तिसऱ्या दिवशीं खाडा न मांडतां हजेरी मांडली कीं चिठी निघत नाहीं, हें गुपित सर्वांना समजलें. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १९७५ सालीं पैशाच्या धोरणासंबंधानें असेंच कांहीं सांगितलें होतें: एखाद्या आंकड्यावर ताबा ठेवण्यासाठीं दाब दिला कीं, त्याचा आजवर विश्वासार्ह वाटणारा संबंध ढासळूं लागतो. तें वचन किती खरें, हें आमच्या शिक्षकांच्या खोलींत मीं पाहिलें. आणि खोटें लिहिणारे ते शिक्षक कांहीं लबाड नव्हते. खरें लिहिण्याची शिक्षा कोणाला हवी असते?

पुष्कळ वादावादी झाली. अखेर ठरलें कीं, ही चिठी मदतीसाठीं आहे, न्यायनिवाड्यासाठीं नाहीं. ती शिक्षकाच्या सेवापुस्तकांत जाणार नाहीं, मंडळापुढें शिक्षकाच्या नांवानें मांडली जाणार नाहीं. चिठी निघाल्यावर घरभेटीसाठीं शिक्षकाला एक तास मोकळा मिळेल, आणि लागल्यास पुस्तकांच्या निधींतून मुलाला साहाय्य देण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला राहील. हा तास आणि हा अधिकार म्हणजेच मघांशीं सांगितलेल्या चौथ्या प्रश्नाचें उत्तर. लिहिणाऱ्याला कांहीं तरी परत मिळालें पाहिजे. ज्याला लिहून त्रासच मिळतो, तो एक तर लिहिणार नाहीं, किंवा खोटें लिहील. चिठ्या पुन्हां निघूं लागल्या, आणि त्या वाढल्या याचा आम्हांला आनंद झाला.

एक सावधगिरीचा शब्दहि सांगतों. त्या चिठीवर मुलाच्या घरची अडचण लिहावी काय, असा प्रश्न निघाला होता. बाप व्यसनी आहे, आई आजारी आहे, घरांत पैसे नाहींत. आम्हीं ठरविलें, लिहूं नये. वर्गशिक्षकाला तें कळावें, पण तें संगणकांत उतरूं नये. कारण कागद फाडतां येतो, संगणकांत शिरलेली गोष्ट कोठवर जाईल याचा नेम नाहीं. २०२३ सालीं संसदेनें डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीं कायदा केला, आणि त्यांत मुलांच्या माहितीला विशेष जपण्याची तरतूद आहे. परंतु कायदा नसता तरी लेकराची लाज चव्हाट्यावर न आणणें हें मास्तराचें कर्तव्यच आहे. कोणती माहिती ठेवावी हा आंखणीचा अर्धा भाग. कोणती ठेवूं नये, हा उरलेला अर्धा.

आपणांपैकीं कोणी गृहनिर्माण सोसायटीचे चिटणीस असतील, कोणी पतपेढीचे संचालक असतील, कोणी दवाखाना चालवीत असतील. आज ना उद्यां आपल्याकडेहि कोणी तरी येईल, पडद्यावर रंगीत वर्तुळें दाखवील, आणि विचारील, आपल्याला काय काय माहिती हवी? त्या वेळीं यादी सांगूं नका. एक कोरा कागद घ्या आणि आपण काय काय ठरवितों तें लिहा. आपल्या कचेरींतील अगदीं खालच्या कारकुनाला सभेंत शेजारीं बसवा, कारण आपली सारी व्यवस्था त्याच्या लेखणीच्या टोंकावर उभी राहणार आहे. आणि एक महिना कागदावर चालवून पाहा. कागदावर जें चालत नाहीं, तें यंत्रावर अधिक वेगानें चालत नाहीं, एवढेंच.

त्या पहिल्या वर्षीं आम्ही तीन मुलांच्या घरीं वेळेवर पोहोंचलों. दोन मुलें परत आलीं. एक आलें नाहीं. त्याच्या घरची अडचण आमच्या हातांबाहेरची होती. माहितीची व्यवस्था सर्व दुःखें निवारीत नाहीं. तिचें काम एवढेंच कीं, कोणाच्याहि बापाला पुन्हां असें म्हणण्याची वेळ येऊं नये कीं, "तेव्हां कोणी विचारलें नाहीं."

उद्यां सकाळीं भिंतीवरच्या कॅलेंडरावर खाडा मांडाल, तेव्हां या भाषणाची आठवण झाली तर मला समाधान वाटेल. खाडा कोणीहि मांडतो. त्याच्याकडे पाहणारें माणूस नेमणें, हीच खरी व्यवस्था.